हातातील फोन, घरातील यंत्रे

१२.१ प्रास्ताविक

दूरदर्शन संचाचे बटण फिरवण्यासाठी जागेवरून उठावे लागत असे, तो काळ फार जुना नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर बरीच वर्षे बहुतेक घरांत एक किंवा दोनच वाहिन्या दिसत. वाहिनी बदलण्याचा प्रसंग क्वचितच येई. आवाज कमी-अधिक करण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे सोपवलेले असे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि दूरनियंत्रक, म्हणजेच रिमोट, ही घरातील नित्याची वस्तू झाली.

पुढे टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, वातानुकूलन यंत्राचा तिसरा आणि पंख्याचा चौथा असे रिमोट घरात जमू लागले. नेमका हवा तो वेळेवर न सापडणे हाही मग नित्याचाच अनुभव झाला. आज या सर्वांचे काम एकटा स्मार्टफोन करू शकतो. मात्र ही सोय मिळते कशी आणि ती स्वीकारताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत पाठात तो विचार केला आहे.

१२.२ उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर तुम्ही पुढील गोष्टी करू शकाल :

• दूरनियंत्रणाच्या विकासाचे प्रमुख टप्पे सांगणे;
• फोनची आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचण्याचे तीन मार्ग ओळखणे व त्यांतील फरक स्पष्ट करणे;
• आपल्या घरासाठी योग्य मार्ग निवडताना विजेची व माहितीची सुरक्षितता तपासणे;
• दूरनियंत्रणाचा स्वावलंबनाशी व कुटुंबातील परस्पर विश्वासाशी असलेला संबंध विशद करणे;
• आज्ञार्थी व विध्यर्थी वाक्यांचा योग्य उपयोग करणे.

१२.३ मूळ पाठ

(अ) दूरनियंत्रणाचा प्रवास

एखाद्या यंत्राला स्पर्श न करता दुरून चालवण्याची कल्पना टीव्हीपेक्षाही जुनी आहे. १८९८ मध्ये निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी नौका रेडिओलहरींच्या साहाय्याने पाण्यावर चालवून दाखवली. घरगुती उपकरणांत ही कल्पना येण्यास मात्र आणखी अर्धे शतक लागले. अमेरिकेतील झेनिथ या कंपनीने १९५० मध्ये टीव्हीसाठी जो दूरनियंत्रक आणला, तो एका लांब तारेने संचाला जोडलेला होता. घरात वावरताना ती तार पायात अडकत असे.

१९५५ मध्ये याच कंपनीतील युजीन पॉली यांनी तारेशिवाय चालणारा दूरनियंत्रक तयार केला. तो विजेरीसारखा होता. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाशसंवेदक बसवलेले असत आणि हव्या त्या कोपऱ्यावर प्रकाशझोत टाकला, की त्याप्रमाणे कृती घडे. युक्ती नामी होती. परंतु खिडकीतून आलेले ऊन संवेदकावर पडले, तरी वाहिनी आपोआप बदलू शकत असे. सूर्याने दिलेला हुकूम कोणता आणि माणसाने दिलेला कोणता, हे त्या यंत्राला कळत नव्हते.

हा दोष टाळण्यासाठी १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाऐवजी ध्वनीचा आधार घेतला. त्यांच्या दूरनियंत्रकात ॲल्युमिनियमच्या कमी-जास्त लांबीच्या चार कांड्या होत्या. बटण दाबले, की एक बारीक हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा उच्च ध्वनी उमटे. या दूरनियंत्रकाला बॅटरीही लागत नसे. तरीही किल्ल्यांचा किंवा नाण्यांचा खुळखुळाट झाला, तर टीव्हीची कधी कधी फसगत होई.

या इतिहासातून एक मुद्दा स्पष्ट होतो. हुकूम दूरवर पोहोचवणे हे अर्धेच काम आहे. आलेला संकेत खरोखर हुकूम आहे की निव्वळ गोंगाट, हे यंत्राला ओळखता येणे हे उरलेले अर्धे काम होय.

(आ) पहिला मार्ग : न दिसणारा प्रकाश

ॲडलर यांचे ध्वनितंत्र सुमारे पाव शतक टिकले. त्यानंतर त्याची जागा अवरक्त किरणांनी घेतली. आज घरोघरी असलेले बहुतेक साधे रिमोट याच किरणांवर चालतात. माणसाच्या डोळ्याला साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. म्हणून तो पेटला, तरी डोळ्यांना दिसत नाही.

ऊन आणि विजेचे दिवे यांतही अवरक्त किरण असतात. मग टीव्हीची पुन्हा फसगत का होत नाही? याचे उत्तर तालात आहे. रिमोटचा दिवा एकसारखा पेटत नाही. तो सामान्यतः सेकंदाला ३८,००० वेळा उघडझाप करतो. टीव्हीतील संवेदक केवळ या तालालाच प्रतिसाद देतो आणि उन्हाच्या संथ प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो. या तालाचे लहान-मोठे तुकडे करून त्यांतून शून्य व एक या दोन चिन्हांची सांकेतिक आज्ञा तयार होते. प्रचलित असलेल्या एका पद्धतीत आज्ञेचे दोन भाग असतात. 'हा निरोप कोणत्या यंत्रासाठी आहे' हा पहिला भाग आणि 'त्या यंत्राने काय करावे' हा दुसरा. प्रत्येक भागापाठोपाठ त्याचे उलटे रूपही पाठवले जाते. म्हणजे त्यात शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य असते. दोन्ही रूपे परस्परांशी जुळली, तरच यंत्र आज्ञा मानते. हा सर्व व्यवहार सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पूर्ण होतो.

काही स्मार्टफोनच्या वरच्या कडेला असाच एक अवरक्त दिवा बसवलेला असतो. अँड्रॉइड या प्रणालीने २०१३ मध्ये आपल्या ४.४ या आवृत्तीत अशा दिव्यासाठी अधिकृत सोय करून दिली. ज्या फोनमध्ये तो आहे, त्यात रिमोटचे ॲप उघडून प्रथम यंत्राचा प्रकार व कंपनी निवडावी लागते. ॲपमध्ये अनेक कंपन्यांच्या सांकेतिक आज्ञा साठवलेल्या असतात. ॲप त्यांतील एकेक आज्ञा पाठवून पाहते आणि 'यंत्राने प्रतिसाद दिला का?' असे विचारते. योग्य संच सापडला, की फोन त्या यंत्राचा रिमोट होतो. आयफोनमध्ये व इतर अनेक फोनमध्ये हा दिवा नसतो. अशा वेळी वेगळा अवरक्त प्रेषक जोडावा लागतो किंवा पुढे सांगितलेल्या मार्गांचा अवलंब करावा लागतो.

या मार्गाची एक मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. येथील संवाद एकतर्फी असतो. आज्ञा जाते, पण तिची पोच परत येत नाही. वातानुकूलन यंत्राचे उदाहरण पाहा. त्याचा रिमोट प्रत्येक वेळी तापमान, पंख्याची गती इत्यादी सर्व माहिती एकत्र पाठवतो. मध्ये कोणी आडवे आले आणि तो संकेत चुकला, तर रिमोटवर २४ अंश दिसतात आणि यंत्र मात्र पूर्वीच्याच तापमानावर चालत राहते. त्याची जुळणी पुढील आज्ञा पोहोचेपर्यंत होत नाही.

अवरक्त किरण भिंतीतून आरपार जात नाहीत. ही मर्यादा खरी. पण तीच एक प्रकारची राखणही आहे. खोलीबाहेरचा माणूस भिंतीपलीकडून तुमच्या टीव्हीला हुकूम देऊ शकत नाही.

करून पाहा : फोनचा कॅमेरा सुरू करा. टीव्हीच्या रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरून कोणतेही बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्याच्या पडद्यावर फिकट जांभळा किंवा पांढरा लुकलुकताना दिसेल. मागील कॅमेऱ्यातून तो दिसला नाही, तर समोरच्या कॅमेऱ्यातून पाहा. काही कॅमेऱ्यांत हे किरण अडवणारी गाळणी असते. प्रकाश दिसूनही टीव्ही चालत नसेल, तर दोष टीव्हीच्या संवेदकात असू शकतो. प्रकाश मुळीच दिसला नाही, तर प्रथम रिमोटची बॅटरी बदलून पाहावी.

पाठगत प्रश्न १

१. १९५५ मधील दूरनियंत्रकात कोणता दोष होता?
२. अवरक्त रिमोटचा दिवा उघडझाप का करतो?
३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकामी जागा भरा : अवरक्त मार्गाने आज्ञा जाते, परंतु तिची ______ येत नाही. (वीज / पोच / लहर)

(इ) दुसरा मार्ग : घरातील बिनतारी जाळे

फोन आणि टीव्ही हे दोन्ही घरातील एकाच वाय-फायला जोडलेले असतील, तर त्यांचा संवाद रेडिओलहरींद्वारे होऊ शकतो. या लहरी भिंतीतून पलीकडे जातात. त्यामुळे फोन टीव्हीच्या दिशेने धरण्याचीही गरज उरत नाही. शिवाय हा संवाद दुतर्फी असतो. टीव्हीची सद्यःस्थिती फोनवर दिसते, आणि एखाद्या चित्रपटाचे नाव शोधताना रिमोटने एकेक अक्षर निवडत बसण्याऐवजी ते फोनवर टंकलिखित करता येते. ब्लूटूथ हे तंत्रही रेडिओलहरींचेच असून त्याचा पल्ला सामान्यतः कमी असतो.

परंतु भिंतीची अडचण दूर झाली, तशी तिची राखणही गेली. म्हणून येथे यंत्राला एक नवा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्या मार्गात 'हा हुकूम आहे का?' एवढेच पाहिले जात असे. दुसऱ्या मार्गात 'हा हुकूम कोणाचा आहे?' हेही पाहावे लागते. पहिल्यांदा जोडणी करताना टीव्हीच्या पडद्यावर एक संकेतांक दिसतो व तो फोनवर भरावा लागतो, त्याचे कारण हेच होय. पडद्यावरील संकेतांक वाचू शकणारी व्यक्ती त्या खोलीत हजर आहे, असा त्याचा अर्थ. ओळख एकदा पटली, की तो फोन टीव्हीच्या स्मरणात राहतो. म्हणून फोन विकताना अथवा दुसऱ्याला देताना ही जोडणी काढून टाकणे आवश्यक असते.

हा मार्ग वापरताना काही अडचणीही येतात. वाय-फाय बंद पडले, की फोन निरुपयोगी ठरतो. भिंतीवरील बटण बंद असेल, तर यंत्राला वीजच मिळत नाही आणि मग कोणताही हुकूम पोहोचत नाही. उलट, बटण चालू ठेवून हुकुमाची वाट पाहणारे यंत्र थोडी वीज सतत वापरत असते. असे यंत्र केवळ २ वॉट वापरत असेल, तरी वर्षाच्या ८,७६० तासांत सुमारे साडेसतरा युनिट वीज खर्च होते.

(ई) तिसरा मार्ग : इंटरनेटवरून येणारा हुकूम

तिसऱ्या मार्गात घराची सीमाही उरत नाही. इंदूर येथील घरातील दिवा बडोद्याहून बंद करता येतो. त्यासाठी इंटरनेटला जोडलेला दिवा किंवा 'स्मार्ट प्लग' वापरतात. अशा प्लगमध्ये एक विद्युत् स्विच व एक बिनतारी संच असतो. भिंतीतील सॉकेटमध्ये प्लग आणि प्लगमध्ये यंत्राची पिन बसवली, की साधे यंत्रही दुरून चालू-बंद करता येते. जुने वातानुकूलन यंत्र असेल, तर वाय-फायवर चालणारा अवरक्त प्रेषक त्याच्यासमोर ठेवतात. फोनचा निरोप इंटरनेटवरून त्या प्रेषकाला मिळतो आणि प्रेषक तो जुन्या भाषेत, म्हणजे अवरक्त प्रकाशात, यंत्राला सांगतो.

या मार्गाने जाणारा हुकूम बहुधा थेट घरात जात नाही. तो प्रथम कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तेथे वापरणाऱ्याची ओळख तपासली जाते आणि मग तो घरातील राउटरमार्फत यंत्रापर्यंत येतो. यंत्र हाताच्या अंतरावर असले, तरी अनेकदा हुकूम एवढा मोठा वळसा घेतो. म्हणूनच इंटरनेट खंडित झाले, की जवळच्या दिव्यालाही निरोप पोहोचत नाही. कंपनीने आपली सेवा थांबवली, तर चांगले यंत्रही निकामी होऊ शकते. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे घरगुती नियंत्रण यंत्र होते. त्याची कंपनी नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. ज्यांनी पैसे मोजून ते यंत्र घेतले होते, त्यांच्या घरी ते निरुपयोगी होऊन पडले.

दुरून हुकूम देण्याची गरज शेतकऱ्यांना तर अधिकच तीव्रतेने भासते. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्री-अपरात्री मिळते. अशा वेळी अंधारात शेतापर्यंत चालत जावे लागते आणि तेथे पोहोचल्यावर वीज गेलेली असते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर उपाय म्हणून 'नॅनो गणेश' हे उपकरण विकसित केले. साध्या मोबाइल फोनवरून पंप चालू अथवा बंद करता येणे आणि शेतात वीज आहे की नाही हे घरबसल्या कळणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. अंधाराची वाट चालणाऱ्या माणसाला येथे हुकुमाइतकीच पोचही मोलाची असते.

विजेच्या भाराविषयी एक नियम मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. आपल्याकडील लहान सॉकेट ६ अँपिअरचे व मोठे १६ अँपिअरचे असते. २३० व्होल्ट दाबावर ६ अँपिअरचा प्लग १,३८० वॉटपर्यंतच भार पेलू शकतो. २,००० वॉटच्या गीझरला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. लहान प्लग तापून आग लागण्याचा धोका असतो. इस्त्री, शेगडी, हीटर यांसारखी उष्णता निर्माण करणारी यंत्रे घरात कोणी नसताना दुरून कधीही चालू करू नयेत. इस्त्रीखाली काय आहे, हे फोनला दिसत नाही.

पाठगत प्रश्न २

१. टीव्हीच्या पडद्यावरील संकेतांक फोनवर का भरावा लागतो?
२. गीझरसाठी ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग का चालत नाही?
३. चूक की बरोबर ते सांगा :
(क) इंटरनेटवरून दिलेला हुकूम नेहमी थेट यंत्राकडे जातो.
(ख) भिंतीवरील बटण बंद असले, तरी फोनवरून यंत्र चालू होते.

(उ) सोयीपलीकडचे स्वावलंबन

धडधाकट माणसाला फोनवरून दिवा लावणे ही गंमत वाटेल. फार तर चार पावले वाचली, असे तो म्हणेल. परंतु ज्याला ती चार पावले टाकताच येत नाहीत, त्याच्या दृष्टीने या सोयीचे मोल निराळे आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेली व्यक्ती, संधिवाताने बोटे आखडलेली वृद्धा किंवा दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांना पंखा कमी करण्यासाठीदेखील दुसऱ्याला हाक मारावी लागते. रात्री दोन वाजता ही हाक मारताना मनात संकोच असतो. अनेकदा तो माणूस हाक मारत नाही. थंडीत कुडकुडत किंवा उकाड्यात तळमळत पडून राहतो. उशाशी ठेवलेल्या फोनवरून त्याला पंखा स्वतः कमी करता आला, तर त्याची झोप वाचते आणि त्याबरोबर त्याचा आत्मसन्मानही राखला जातो.

ज्यांना बोटांनी पडदा हाताळता येत नाही, त्यांना बोलून आज्ञा देण्याची सोय उपयोगी पडते. २०१८ मध्ये गूगलच्या ध्वनी-साहाय्यकाने मराठीतून बोलण्यास प्रारंभ केला. अंध व्यक्तींसाठी मात्र गुळगुळीत काचेपेक्षा हाताला उंचवटे जाणवणारा जुना रिमोट पुष्कळदा अधिक सोईचा ठरतो. फोनमध्ये पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सुविधा असते. ती सुरू केल्यास फोनही त्यांना वापरता येतो. तात्पर्य, नवे साधन सर्वांना सारखेच उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये. ते वापरणाऱ्याला विचारूनच निवडावे.

(ऊ) नियंत्रण कोणाच्या हाती?

ज्या मार्गाने घरच्या माणसाचा हुकूम आत येतो, त्याच मार्गाने परक्याचाही येऊ शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगाला याचा प्रत्यय आला. 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने इंटरनेटला जोडलेले कॅमेरे व राउटर मोठ्या संख्येने आपल्या ताब्यात घेतले. त्यासाठी तिने फार मोठी शक्कल लढवली नव्हती. कारखान्यातून येताना यंत्रांना जे परवलीचे शब्द दिलेले असतात, तेच तिने एकामागून एक वापरून पाहिले. मालकांनी ते बदललेलेच नव्हते. या यंत्रांच्या साहाय्याने झालेल्या हल्ल्यामुळे २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेत व युरोपात अनेक मोठ्या संकेतस्थळांची सेवा विस्कळीत झाली. घरातील कॅमेरा आपल्या नकळत दुसऱ्याचा शिपाई झाला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

यावरचे उपाय साधे आहेत. यंत्र घरी आणताच त्याचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. तो लांब आणि इतरांना सहज ओळखता न येणारा असावा. एकच शब्द सर्वत्र वापरू नये. यंत्राची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. केवळ टीव्ही चालवणारे ॲप संपर्कयादी किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागत असेल, तर ती देऊ नये. फोनला कुलूप असावे. कारण आता तो घराचीही किल्ली झालेला असतो.

परक्याइतकाच घरातील व्यवहारही विचारात घ्यावा लागतो. ज्याने यंत्र जोडले, त्याच्या खात्यावर त्याचे नियंत्रण असते. पुष्कळदा ही व्यक्ती कुटुंबातील तरुण व कमावता पुरुष असते. समजा, नागपूरच्या घरात वृद्ध आई एकटी राहते आणि मुलगा हैदराबादला नोकरी करतो. आईच्या काळजीपोटी तो वातानुकूलन यंत्र दुरून चालू करतो, बंद करतो, दिवे विझले की नाहीत हे पाहतो. त्याच्या हेतूत खोट नाही. तरीही आपल्याच घरात किती वाजता दिवा मालवला, याची नोंद दुसरीकडे होते, हे आईला ठाऊक असले पाहिजे. थंडी वाजली तर तिला स्वतःला यंत्र बंद करता आले पाहिजे. काळजी आणि पाळत यांतील सीमारेषा संमतीने ठरते. विचारून केलेली मदत आधार देते. न विचारता चालवलेला हुकूम माणसाला स्वतःच्याच घरात पाहुणा बनवतो.

म्हणून यंत्र घरात आणताना तीन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. पहिली, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला त्याचे नियंत्रण मिळावे व त्याची पद्धत समजावून द्यावी. दुसरी, यंत्र कोणती माहिती साठवते हे सर्वांना माहीत असावे. तिसरी, फोन नसला अथवा इंटरनेट बंद पडले, तरी हाताने दाबता येणारे बटण शाबूत असावे.

हुकूम पूर्वी खोलीच्या भिंतीपाशी थांबत असे. आता तो घराबाहेरून, गावाबाहेरूनही येतो. पूर्वी जे काम भिंत मुकाट्याने करत होती, ते आता माणसाला जाणीवपूर्वक करावे लागते. हात लांब झाला, तशी जबाबदारीही लांबवर पोहोचली आहे.

पाठगत प्रश्न ३

१. रुग्णाच्या बाबतीत दूरनियंत्रण ही केवळ सोय का नाही?
२. 'मिराई' प्रणालीला यंत्रांचा ताबा कशामुळे मिळाला?
३. काळजी आणि पाळत यांतील सीमारेषा कशाने ठरते?

१२.४ भाषाभ्यास

रिमोटचे प्रत्येक बटण म्हणजे एक आज्ञा असते. मराठीत आज्ञा अनेक प्रकारे व्यक्त होते.

'पंखा बंद कर.' या वाक्यात क्रियापदाच्या रूपावरून आज्ञेचा बोध होतो. हे आज्ञार्थी वाक्य होय. 'आजी, पंखा बंद करा.' या वाक्यातही आज्ञार्थच आहे. परंतु आदरार्थी बहुवचनामुळे आज्ञेला विनंतीचे रूप येते.

'परवलीचा शब्द बदलावा.' या वाक्यात कर्तव्य सुचवले आहे. हे विध्यर्थी वाक्य होय. त्याचे नकारार्थी रूप 'नये' या शब्दाने होते. उदाहरणार्थ, 'इस्त्री दुरून चालू करू नये.'

यंत्राला आज्ञार्थ पुरतो. माणसाशी बोलताना मात्र आज्ञार्थाबरोबर आदर आणि विध्यर्थाचा सौम्यपणाही लागतो.

'दूर' या शब्दापासून तयार झालेले दूरदर्शन, दूरध्वनी, दूरचित्रवाणी, दूरनियंत्रक हे सामासिक शब्दही लक्षात ठेवा.

१२.५ शब्दार्थ

अवरक्त – तांबड्या प्रकाशाच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणारा
संवेदक – प्रकाश, ध्वनी इत्यादींची जाणीव होणारा यंत्राचा भाग
पोच – निरोप मिळाल्याची खूण
परवलीचा शब्द – ओळख पटवणारा गुप्त शब्द
पाळत – एखाद्याच्या हालचालींवर ठेवलेली नजर

१२.६ तुम्ही काय शिकलात

• दूरनियंत्रणात हुकूम पोहोचवणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो खरा आहे हे ओळखणेही महत्त्वाचे असते.
• अवरक्त प्रकाश, घरातील बिनतारी जाळे आणि इंटरनेट हे फोनवरून यंत्र चालवण्याचे तीन मार्ग आहेत.
• पल्ला जसजसा वाढतो, तसतशी ओळख पटवण्याची गरज व जबाबदारी वाढते.
• वृद्ध, रुग्ण व दिव्यांग व्यक्तींना दूरनियंत्रणामुळे स्वावलंबन मिळू शकते.
• घरातील यंत्रांचे नियंत्रण सर्वांच्या संमतीने व सर्वांच्या हाती असावे.

१२.७ पाठान्त प्रश्न

१. अवरक्त किरणांचा मार्ग आणि बिनतारी जाळ्याचा मार्ग यांतील फरकाचे चार मुद्दे लिहा.
२. 'भिंत ही मर्यादा आहे आणि राखणही आहे,' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. एका यंत्राचा भार १,५०० वॉट आहे. २३० व्होल्ट दाबावर त्याला किती प्रवाह लागेल? त्यासाठी कोणता प्लग योग्य ठरेल?
४. तुमच्या घरातील अथवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला कोणते यंत्र दुरून चालवता आले तर मदत होईल? तिच्याशी बोलून दहा ओळींत माहिती लिहा.
५. पुढील आज्ञार्थी वाक्यांचे विध्यर्थी वाक्यांत रूपांतर करा :
(क) फोनला कुलूप लाव.
(ख) अनोळखी ॲप घेऊ नका.
(ग) आईला विचारून यंत्र चालू कर.

१२.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. संवेदकावर ऊन पडले, तरी वाहिनी बदलू शकत असे. २. ऊन व दिवे यांच्या प्रकाशापासून आज्ञा वेगळी ओळखता यावी म्हणून. ३. पोच.

प्रश्न २ : १. हुकूम देणारी व्यक्ती त्या खोलीत हजर आहे, याची खात्री पटावी म्हणून. २. २,००० वॉटच्या गीझरला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. तो ६ अँपिअरच्या प्लगला पेलत नाही. ३. (क) चूक (ख) चूक.

प्रश्न ३ : १. त्याला दुसऱ्यावर अवलंबून न राहता स्वतःची गरज भागवता येते व त्याचा आत्मसन्मान राखला जातो. २. मालकांनी यंत्रांचे मूळ परवलीचे शब्द बदलले नव्हते, त्यामुळे. ३. संमतीने.